रंग गेला, पण प्रदूषण गेले का?
महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळास खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सदस्य,
महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ, मुंबई



वर्षानुवर्षे उन्हात उभ्या असलेल्या पांढऱ्या लोखंडी फाटकावरून हात फिरवला की तळव्याला भुकटी लागते. ऑइलपेंटला पांढरेपणा देणारे टायटॅनियम डायऑक्साइड उन्हातले अतिनील किरण शोषते आणि स्वतः जसेच्या तसे राहून आपल्याभोवतीचे तेल आणि रेझिन कुरतडत जाते. तेल संपले की दाणे मोकळे होतात. हाताला लागते ती हीच भुकटी. रंग बनवणारे कारखानदार हा दोष फार पूर्वीपासून ओळखून आहेत. दाण्यांना सिलिका किंवा ॲल्युमिनाचे पातळ कवच चढवून ते त्याला आवर घालतात. दूषित पाण्याच्या बाबतीत मात्र हाच दोष उपयोगी पडतो. कवच नसलेले दाणे पाण्यात सोडले आणि त्यांच्यावर योग्य प्रकाश पाडला, तर ते पाण्यातली सेंद्रिय द्रव्येही तशीच कुरतडतात. या क्रियेला प्रकाश-उत्प्रेरण म्हणतात आणि असे दाणे म्हणजे प्रकाश-उत्प्रेरक.

या विषयाचा शास्त्रीय इतिहास साधारणपणे टोकियोपासून सांगितला जातो. टोकियो विद्यापीठात केनिची होंडा यांच्या हाताखाली संशोधन करणाऱ्या अकिरा फुजिशिमा यांनी 1960 च्या दशकाच्या अखेरीस टायटॅनियम डायऑक्साइडचा स्फटिक पाण्यात ठेवून त्यावर प्रखर दिव्याचा झोत टाकला, तेव्हा स्फटिकावर बुडबुडे दिसू लागले. तो प्राणवायू होता. स्फटिक झिजत नव्हता आणि पाण्याचे मात्र विघटन होत होते. हा शोध 1972 मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी तेलसंकट आले आणि सगळ्यांचे लक्ष पाण्यापासून हायड्रोजन मिळवण्याकडे वळले. जलशुद्धीकरणाचा धागा वेगळ्या हातांनी उचलला. 1976 मध्ये कॅनडात केरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पीसीबी या चिवट क्लोरीनयुक्त रसायनांतला क्लोरीन या पद्धतीने सुटा करून दाखवला. 1977 मध्ये अमेरिकेत फ्रँक आणि बार्ड यांनी पाण्यातल्या सायनाइडचे ऑक्सिडीकरण केले. त्यानंतरच्या अर्ध्या शतकात या विषयावर शोधनिबंधांचा डोंगर उभा राहिला. प्रत्यक्ष चालणारी संयंत्रे मात्र बोटांवर मोजावीत इतकीच राहिली. ही तफावत का पडली, हे समजून घेणे मंडळासाठी सर्वांत गरजेचे आहे.

टायटॅनियम डायऑक्साइड अर्धवाहक आहे. पुरेशा ऊर्जेचा प्रकाशकण त्याच्यावर आदळला की एक इलेक्ट्रॉन आपली जागा सोडून वरच्या ऊर्जापट्टीत जातो आणि मागे धनभारित पोकळी उरते. ही पोकळी पृष्ठभागावरच्या पाण्यातून इलेक्ट्रॉन ओढून घेते, त्यातून हायड्रॉक्सिल मूलक तयार होते. वर गेलेला इलेक्ट्रॉन पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूला चिकटतो. म्हणून या टाकीत हवा सोडावी लागते. प्राणवायू कमी पडला की इलेक्ट्रॉन परतून पोकळीत बसतो आणि प्रकाशाची ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. हवा भरपूर असली तरी बहुतेक जोड्या अशाच परत मिटतात. शंभर प्रकाशकणांतून एखाद-दोनच कामी येतात, असा अनुभव आहे.

खरे काम करते ते हायड्रॉक्सिल मूलक. त्याची ऑक्सिडीकरणाची क्षमता 2.8 व्होल्ट, म्हणजे ओझोनच्या 2.07 आणि क्लोरीनच्या 1.36 पेक्षा कितीतरी जास्त. ते जवळजवळ कोणत्याही सेंद्रिय रेणूवर तुटून पडते आणि पुरेसा वेळ मिळाला तर त्याचे कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि साधे क्षार होईपर्यंत थांबत नाही. जिवाणूंच्या पोटात न पचणारी कीटकनाशके, औषधे, रंगद्रव्ये यांच्यासाठी ही पद्धत आकर्षक वाटते ती यामुळेच. पण याच गुणामागे तिची मोठी अडचण दडलेली आहे. मूलकाचे आयुष्य सेकंदाच्या काही अब्जांश भागाएवढे असते आणि ते कोणाला निवडत नाही. जे पहिले भेटेल त्याच्याशी त्याची गाठ पडते. पाण्यात प्रदूषकाचा एक रेणू आणि इतर निरुपद्रवी द्रव्यांचे हजार रेणू असतील, तर मूलक बहुतेक वेळा त्या हजारांवर खर्ची पडते.

दुसरी अडचण प्रकाशाची. टायटॅनियम डायऑक्साइडच्या ॲनाटेज या रूपाला किमान 3.2 इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचा प्रकाशकण लागतो, म्हणजे सुमारे 388 नॅनोमीटरपेक्षा आखूड तरंगलांबीचा. सूर्यप्रकाशाच्या ऊर्जेत अशा अतिनील किरणांचा वाटा जेमतेम 4 ते 5 टक्के. उरलेले ऊन या कामी येत नाही. दृश्य प्रकाशावर चालणारे उत्प्रेरक शोधण्याची धडपड म्हणूनच चालू आहे. 2001 मध्ये जपानमध्ये नायट्रोजन मिसळलेले टायटॅनियम डायऑक्साइड पुढे आले. 2009 पासून मेलामाइनसारख्या स्वस्त पदार्थाला तापवून मिळणारे पिवळसर कार्बन नायट्राइड चर्चेत आहे, ते सुमारे 460 नॅनोमीटरपर्यंतचा प्रकाश वापरते. पण कमी ऊर्जेचा प्रकाश वापरणाऱ्या पदार्थांत तयार होणारी पोकळीही कमी जोरकस असते, हा सौदा टळत नाही. कॅडमियम सल्फाइड दृश्य प्रकाशात चांगले चालते, पण चालता चालता स्वतः विरघळते आणि पाण्यात कॅडमियम सोडते. पाणी शुद्ध करण्यासाठी असा पदार्थ सुचवणारा प्रस्ताव पहिल्याच पानावर बाजूला ठेवावा. टायटॅनियम डायऑक्साइड कॅडमियमसारखे विषारी नाही, स्वस्त आहे आणि त्याचे मूळ खनिज असलेले इल्मेनाइट रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूतही सापडते. इतकी वर्षे त्याची जागा दुसऱ्या कोणाला घेता आलेली नाही, याची कारणे हीच.

आता असे उत्प्रेरक पारखण्याच्या प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या प्रयोगाकडे वळावे लागेल. काचेच्या चंचुपात्रात शुद्ध केलेले पाणी, त्यात चिमूटभर मेथिलीन ब्लू, वरून उत्प्रेरकाची पूड आणि समोर दिवा. तासाभरात गडद निळे पाणी आकाशी होते, मग पांढरे. पाहणाऱ्याला वाटते, प्रदूषण संपले. प्रत्यक्षात निळा रंग जाण्याचे निदान तीन मार्ग असे आहेत की ज्यांत रंगद्रव्याचा सांगाडा शाबूत राहतो. एक तर ते पुडीच्या पृष्ठभागाला नुसते चिकटून बसते. हे ओळखायचे तर दिवा लावण्याआधी अर्धा-एक तास सगळे अंधारात ढवळत ठेवावे लागते. दुसरे असे की मेथिलीन ब्लू स्वतःच 664 नॅनोमीटरच्या आसपासचा लाल प्रकाश शोषते आणि आपला इलेक्ट्रॉन पुडीला देऊन फिकट पडते. अशा वेळी दृश्य प्रकाशात चालल्याचे श्रेय उत्प्रेरकाला मिळते आणि काम मात्र रंगाने केलेले असते. तिसरा प्रकार सर्वांत फसवा आहे. प्राणवायू कमी असेल तर मेथिलीन ब्लू रंगहीन रूपात जाते. पांढऱ्या झालेल्या त्या पाण्याची बाटली जोरात हलवली की हवा मिसळते आणि निळा रंग परत येतो. शाळेच्या प्रयोगशाळेतही ही गंमत दाखवतात. सांडपाण्याच्या बाबतीत मात्र तिचा अर्थ इतकाच, की डोळ्यांना दिसलेले शुद्धीकरण झालेलेच नव्हते.

म्हणून रंग जाणे हे मोजमाप पुरेसे नाही. केंद्र सरकारने 2016 मध्ये वस्त्रोद्योगाच्या सांडपाण्यासाठी ठरवलेल्या मानकांत रंगाला 150 प्लॅटिनम-कोबाल्ट एककांची आणि सीओडीला, म्हणजे रासायनिक प्राणवायू मागणीला, लिटरमागे 250 मिलिग्रॅमची मर्यादा आहे. दोन्ही आवश्यक आहेत, पण प्रकाश-उत्प्रेरणाचा निवाडा त्यांच्यावर होत नाही. कापडाच्या अझो रंगांतला नायट्रोजनचा दुवा तुटला की रंग उडतो. मागे उरलेले बेंझिनवलयाचे तुकडे मूळ रंगापेक्षा जास्त विषारी असू शकतात. ते खरोखर संपले का, हे पाण्यातला एकूण सेंद्रिय कार्बन मोजल्यावर कळते आणि मासे किंवा पाणपिसू त्या पाण्यात जगतात का, यावरून कळते. सीओडीची चाचणी इथे आणखी एका कारणाने दगा देते. प्रक्रियेत हायड्रोजन पेरॉक्साइड घातले असेल आणि त्यातले थोडे उरले असेल, तर तेच सीओडीचा आकडा फुगवते. चाचणीआधी ते काढून टाकले होते का, हे विचारल्याशिवाय आकड्यावर भिस्त ठेवू नये.

चंचुपात्रातून इचलकरंजीच्या कापड उद्योगात आले की चित्र पार बदलते. सुती कापडाला रिअ‍ॅक्टिव्ह रंग चढवायचा तर रंगाच्या पाण्यात मीठ घालावे लागते, गडद छटांसाठी लिटरमागे 50 ते 80 ग्रॅमपर्यंत. रंग धाग्याशी पक्का बसावा म्हणून सोडा ॲश घालतात, त्यामुळे पाण्याचा सामू 11 च्या घरात जातो. न बसलेला रंग, सगळे मीठ आणि सगळा सोडा सांडपाण्यात येतो. सोडा म्हणजे कार्बोनेट, आणि हायड्रॉक्सिल मूलकाला कार्बोनेट फार लवकर गाठते. उदासीन पाण्यातल्या बायकार्बोनेटच्या तुलनेत सुमारे 45 पट वेगाने. मूलक रंगापर्यंत पोहोचण्याआधीच सोड्याशी खर्ची पडते. मग आम्ल घालून कार्बोनेट उडवावे म्हटले, तर आम्लधर्मी पाण्यात टायटॅनियम डायऑक्साइडचा पृष्ठभाग धनभारित होतो आणि मिठातला क्लोराइड तिथे जाऊन बसतो. आधी सोड्याने अडवले, आता मीठ अडवते. त्यातच गडद निळ्या किंवा काळ्या रंगाच्या पाण्यात प्रकाश काही मिलिमीटरही धड शिरत नाही. आतले दाणे अंधारातच फिरत राहतात. प्रोसेस हाऊसच्या रंगाच्या टाकीवर थेट प्रकाश-उत्प्रेरण लावण्याचा विचार इथेच अडतो.

जागेचा हिशेब तर आणखी बोलका आहे. स्वच्छ दिवशी मधल्या सहा तासांत एका चौरस मीटरवर सरासरी 30 वॅट अतिनील ऊर्जा पडते असे धरले, तर दिवसभरात सुमारे 2 मोल प्रकाशकण मिळतात. एक घनमीटर, म्हणजे 1000 लिटर पाण्याची सीओडी 250 असेल, तर त्यातली सेंद्रिय द्रव्ये पूर्ण जाळायला सुमारे 31 मोल इलेक्ट्रॉन काढावे लागतात. शंभर प्रकाशकणांतून एक कामी येतो असे धरले, तर 3100 मोल प्रकाशकण हवेत, म्हणजे दीड हजार चौरस मीटरहून थोडे अधिक क्षेत्र. साध्या भाषेत, 1000 लिटर पाण्यासाठी दिवसभर तापणारी पंधरा गुंठे जमीन. प्राणवायूच्या मदतीने हा आकडा निम्म्यावर आला तरी रोज लाखो लिटर पाणी सोडणाऱ्या औद्योगिक वसाहतीला तो परवडणारा नाही. हाच हिशेब लिटरमागे फक्त 1 मिलिग्रॅम औषधाचा अंश असलेल्या, एरवी स्वच्छ पाण्यासाठी केला, तर 1000 लिटरला बारा-तेरा चौरस मीटर पुरतात. एका मध्यम खोलीएवढी गच्ची. हे दोन्ही हिशेब ढोबळ आहेत, पण कुठे जावे आणि कुठे जाऊ नये हे सांगायला पुरेसे आहेत.

उन्हाऐवजी दिवे लावले तर विजेचे बिल आडवे येते. अशा प्रक्रियांची तुलना करण्यासाठी प्रदूषकाचे प्रमाण एक दशांशावर आणायला घनमीटरमागे किती युनिट वीज लागते, हे माप वापरतात. 2018 च्या एका मोठ्या आढाव्यात ओझोन किंवा अतिनील-पेरॉक्साइड पद्धतींचा मध्यक 1 युनिटपेक्षा कमी आला, फोटो-फेंटनचा 2.6, आणि अतिनील दिव्यांसह टायटॅनियम डायऑक्साइडचा तब्बल 335. विजेवर चालणाऱ्या टायटॅनियम डायऑक्साइड संयंत्राला मंडळाने संमती देण्याआधी हा आकडा समोर ठेवावा. जिथे ओझोन पुरतो तिथे या पद्धतीचा हट्ट धरण्यात काही अर्थ नाही.

फोटो-फेंटनबद्दल दोन शब्द हवेत. 1894 मध्ये हेन्री फेंटन यांनी लोखंडाचे क्षार आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांच्या मिश्रणाने टार्टारिक आम्लाचे ऑक्सिडीकरण होते, हे दाखवले. या मिश्रणावर ऊन पडले की वापरले गेलेले लोखंड पुन्हा कामाला लागते आणि हायड्रॉक्सिल मूलके भराभर तयार होतात. टायटॅनियमपेक्षा ही पद्धत वेगवान आहे आणि दृश्य प्रकाशाचाही काही भाग वापरते. तिची अट अशी की पाण्याचा सामू 2.8 च्या आसपास ठेवावा लागतो, मग पुन्हा उदासीन करावे लागते आणि लोखंडाचा गाळ उरतो.

तरीही ही विद्या कामाची आहे, आणि ती कुठे कामाची आहे याचे उत्तम उदाहरण स्पेनमध्ये आहे. आल्मेरिया प्रांतात प्लॅस्टिकखालच्या शेतीचे अफाट क्षेत्र आहे. कीटकनाशकांच्या रिकाम्या डब्यांचे प्लॅस्टिक पुन्हा वापरात आणण्याआधी धुवावे लागते आणि त्या धुण्याच्या पाण्यात कीटकनाशके उतरतात. पाणी थोडे, विष जास्त, जिवाणूंना न पचणारे. तिथे सुमारे 150 चौरस मीटर संग्राहकांवर सूर्यप्रकाशातली फोटो-फेंटन प्रक्रिया उभारली गेली. जवळच्या ताबेर्नासच्या वाळवंटातील ‘प्लाताफोर्मा सोलार दे आल्मेरिया’ या संशोधन केंद्रात अशा संग्राहकांवर काम झाले होते. पन्हाळीसारख्या वक्र ॲल्युमिनियमच्या कुशीत काचेच्या नळ्या बसवलेल्या असतात. त्यांना सूर्यामागे फिरवावे लागत नाही आणि ढगांतून विखुरून येणारे अतिनील किरणही त्या पकडतात. काच बोरोसिलिकेटची लागते. साधी काच उपयोगी किरणांतला बराच भाग अडवते. नाशिक-सांगलीच्या द्राक्षपट्ट्यात फवारणी वर्षातला मोठा काळ चालते. तिथे फवारणीचे डबे आणि टाक्या धुण्याच्या पाण्याचा प्रश्न अगदी असाच आहे.

दुसरे क्षेत्र औषधांचे, आणि ते अधिक तातडीचे आहे. 2007 मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी हैदराबादजवळच्या पाटनचेरू येथील सामाईक प्रक्रिया केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात सिप्रोफ्लोक्सासिन हे प्रतिजैविक लिटरमागे 31 मिलिग्रॅमपर्यंत मोजले. उपचार घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तातही ते इतके नसते. सुमारे नव्वद औषध कारखान्यांचे पाणी तिथे येत होते. जैविक टाकीतल्या जिवाणूंवर प्रतिजैविक सोडायचे आणि त्यांच्याकडूनच ते संपण्याची अपेक्षा धरायची, हे गणितच चुकीचे आहे. उलट, टिकून राहिलेले जिवाणू औषधाला दाद न देणारे होतात. इथे प्रकाश-उत्प्रेरणाला पूर्ण ज्वलनाची गरज नसते. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात टायटॅनियम डायऑक्साइडने सिप्रोफ्लोक्सासिनचे जे तुकडे केले, त्यांच्यात जिवाणू मारण्याची ताकद जवळजवळ उरली नाही. रेणूचा डंख मोडला की बाकीचे काम जैविक टाकी स्वस्तात करते. रिॲक्टर धुतल्यावर निघणारे पहिले पाणी, थोडे आणि औषधाने भरलेले, वेगळे धरून ठेवले तर हे शक्य आहे. एकदा ते सगळ्या वसाहतीच्या पाण्यात मिसळले की शक्य राहत नाही. तारापूर, कुरकुंभ, लोटे-परशुराम इथे औषधनिर्मिती आहे, त्यामुळे हा मुद्दा महाराष्ट्राच्या दारातला आहे.

राहिला प्रश्न दाण्यांचा. सर्वाधिक वापरली जाणारी पूड पंचवीसेक नॅनोमीटर आकाराची असते. ती साध्या गाळणीत अडकत नाही आणि सहजी खालीही बसत नाही. काचेवर किंवा सिरॅमिकवर थर देऊन बसवली तर धरून राहते, पण पाण्याशी संपर्क कमी होऊन वेग घटतो. पाण्यात मोकळी सोडली तर वेग मिळतो, मग तिला परत पकडण्यासाठी सिरॅमिक पटल लागते. कॅनडात असे बंदिस्त संयंत्र बाजारात आले आहे. युरोपीय संघाने 2022 पासून हाच पदार्थ खाद्यपदार्थांत घालण्यास बंदी केली, तेव्हा तो नदीत वाहून जाऊ देणे योग्य ठरणार नाही.

मंडळाकडे अशा यंत्रणेचा प्रस्ताव येईल, तेव्हा मेथिलीन ब्लूच्या पांढऱ्या झालेल्या बाटल्यांवर त्याची परीक्षा होऊ नये. त्याच कारखान्याच्या खऱ्या पाण्यात, त्याच्या मिठासह आणि सोड्यासह, एकूण सेंद्रिय कार्बन किती उतरला, मासे जगले का, बाहेर पडणाऱ्या पाण्यात टायटॅनियम किती आले आणि घनमीटरमागे किती जागा किंवा वीज लागली, हे संमतीपत्राच्या अटींत लिहिलेले असावे. उन्हावर चालणाऱ्या संयंत्राची चाचणी मार्च-एप्रिलमध्ये उरकू नये, जुलै-ऑगस्टमध्येही घ्यावी. कोकणातल्या वसाहतींत तर ती अट सोडूच नये.

आणि मंडळाने स्वतः एक काम हाती घ्यावे, ही या पत्राची विनंती आहे. राज्यातल्या एका औषधनिर्मिती वसाहतीत, रिॲक्टर धुण्याचे पाणी वेगळे काढून, त्यावर वर्षभर सौर प्रकाश-उत्प्रेरणाची चाचणी करावी. तिचे सगळे आकडे, यश आले तरी आणि अपयश आले तरी, मराठीत जाहीर करावेत.

आपला,
पाण्याच्या प्रश्नाचा एक अभ्यासक